चूर्ण, बंधक आणि त्रिमितीय मुद्रण

वटी करताना चूर्णाच्या चौपट साखर, दुप्पट गूळ आणि गुग्गुळ अथवा मध समभाग घ्यावा, असे शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यम खंडात सांगितले आहे. बांधणारे द्रव्य शरीरास सोसणारे असावे, ही दृष्टी आपणांस नवी नाही. त्रिमितीय मुद्रणाच्या क्षेत्रात मात्र ती अलीकडे रुजली.

या मुद्रणाच्या एका प्रकारात यंत्र चूर्णाचा सुमारे ०.१ मि.मी. जाडीचा थर पसरते व हव्या त्या ठिकाणीच बंधक द्रवाचे सूक्ष्म थेंब सोडते. मग त्यावर दुसरा थर. न भिजलेले चूर्ण अखेरीस झटकून टाकले की वस्तू हाती येते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील प्रयोगशाळेने २००९ च्या सुमारास कंपनीच्या महागड्या चूर्णाऐवजी कुंभारकामाची माती, साखर व माल्टोडेक्स्ट्रिन यांचे मिश्रण वापरले आणि ती कृती सर्वांसाठी खुली केली. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे आपल्या फार्मसीत घनसत्त्व सुकविताना घालतात तेच!

औषधातही हे तंत्र उतरले आहे. अपस्मारावरील लेव्हेटिरासिटॅमची अशी मुद्रित गोळी अमेरिकेत २०१५ मध्ये संमत झाली. ती दाबून केलेली नसल्याने सच्छिद्र असते आणि घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरघळते. मर्दनाने घट्ट होणाऱ्या आपल्या वटीच्या हे नेमके उलट आहे. बालकांसाठी व गिळण्यास कष्ट होणाऱ्या रुग्णांसाठी त्याचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

तथापि फार्मसीचालकांनी एका भ्रमापासून दूर राहावे. मूळ द्रव्य निरुपद्रवी म्हणजे तयार वस्तूही निरुपद्रवी, असे नव्हे. मक्याच्या स्टार्चपासून होणारे पीएलए हे प्लास्टिक ‘वनस्पतिजन्य’ म्हणून खपते. त्याचे मुद्रित साचे वटी वा वर्ती पाडण्यास सोयीचे दिसतात. परंतु थरांमधील खाचांत ओले कल्क अडकून राहते, आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसला ते मऊ पडत असल्याने उकळत्या पाण्याने शुद्धी करता येत नाही. रंगासाठी त्यात काय मिसळले आहे, हे विक्रेता क्वचितच सांगतो. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे साचे तर औषधाजवळ आणूच नयेत. अपुऱ्या घट्ट झालेल्या रेझिनचा अंश त्वचेस ॲलर्जी उत्पन्न करतो.

नमुना पाहण्यापुरता मुद्रित साचा अवश्य करावा. आकार पसंत पडला की तोच स्टेनलेस स्टीलमध्ये घडवून घ्यावा.