चोथा आणि साका : वर्ट थंड करण्यापूर्वीच्या गाळणीविषयी

मोड आणून वाळविलेले व भरडलेले जव गरम पाण्यात मुरविले असता त्यांतील पिष्टाची साखर होते आणि एक गोड, पिंगट द्रव हाती येतो. यालाच इंग्रजीत ‘वर्ट’ म्हणतात. हा द्रव ‘हॉप’ नावाच्या वेलीच्या शंकूसारख्या फुलांसह साधारणतः एक तास उकळावयाचा, नंतर झपाट्याने थंड करावयाचा, आणि त्यात यीस्ट घालून तो आंबू द्यावयाचा, हा बीअर तयार करण्याचा क्रम होय. उकळणे संपल्यानंतर आणि थंड करण्यापूर्वी भांड्यात जे नको असलेले द्रव्य राहते ते काढून टाकण्याची जी क्रिया आहे, तिचाच विचार येथे कर्तव्य आहे. क्रिया लहान आहे; परंतु तिच्या वर्णनात एका शब्दामुळे जो घोटाळा होतो तो लहान नाही.

घरगुती बीअरनिर्मिती हा विशेषतः इंग्लंड-अमेरिकेतील छंद होय. इंग्लंडमध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ साली घरगुती बीअरवरील परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली तत्संबंधी विधेयकावर स्वाक्षरी केली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्यावाचून असा उद्योग करता येत नाही. या विषयाची परिभाषा मराठीत घडली नाही याचे हे एक सरळ कारण म्हणता येईल. परिभाषा घडली नाही, तथापि तिला लागणारे शब्द मात्र मराठीच्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहेत.

उकळलेल्या वर्टमध्ये दोन भिन्न जातींचे द्रव्य असते. पहिले म्हणजे हॉपच्या फुलांच्या पाकळ्या व देठ. त्यांतील कडू द्रव्य वर्टमध्ये उतरलेले असते आणि उरलेला भाग केवळ चोथा असतो. दुसरे द्रव्य फुलांतून आलेले नसते. ते वर्टमधूनच निर्माण होते. जवातील प्रथिने उष्णतेने साकळतात, पॉलिफेनॉल द्रव्यांशी संयोग पावतात आणि त्यांचे मऊ पुंजके द्रवात तरंगू लागतात. हे पुंजके कालांतराने तळाशी बसतात; तो साका होय. इंग्रजी पाठ्यपुस्तके या साक्याला ‘ट्रब’ म्हणतात. हा शब्द जर्मनमधून आला असून त्याच भाषेतील ‘गढूळ’ या अर्थाच्या विशेषणाशी त्याचे नाते आहे. चोथा गाळावयाचा असतो आणि साका बसू द्यावयाचा असतो. मराठी गृहिणी चहाचा चोथा गाळणीने काढते, पण ताकावरची निवळ घेण्यासाठी गाळणी हाती धरीत नाही.

नेमका हाच भेद छंदी निर्मात्याच्या लक्षात राहत नाही. ‘गाळणे’ हा एकच व्यापार मनात धरून तो अधिकाधिक बारीक जाळी वापरतो. जाळी जितकी बारीक तितका द्रव स्वच्छ, असा त्याचा तर्क असतो. प्रत्यक्षात प्रथिनांचे चिकट पुंजके जाळीची छिद्रे क्षणात बुजवितात, वीस लिटर कढत वर्ट तसाच अडून राहतो, आणि दाब देऊन तो ढकलावा तर पुंजके फुटून पलीकडे जातात.

जुन्या इंग्लिश मद्यशाळांनी या अडचणीतून काढलेला मार्ग मोठा मार्मिक आहे. तेथे ‘हॉप-बॅक’ नावाचे सच्छिद्र तळाचे एक भांडे असे. उकळलेला वर्ट त्यात सोडला की हॉपची अखंड फुले प्रथम तळावर बसत आणि त्यांचा एक जाड थर तयार होई. मग वर्ट त्या थरातूनच झिरपत जाई व साका थरात अडके. सारांश, चोथा हीच साक्याची गाळणी होई. येथे छिद्रांच्या बारीकपणापेक्षा थराच्या खोलीला अधिक महत्त्व आहे. वाळूच्या थरातून पाणी स्वच्छ होते ते याच तत्त्वाने.

पुढे हॉपची फुले दळून त्यांच्या गोळ्या करण्याची पद्धत रूढ झाली आणि ही व्यवस्था कोलमडली. गोळी वर्टमध्ये विरघळल्यासारखी सुटते व तिचा भुगा होतो. थर बसत नाही. चोथाच जणू साक्याच्या जातीचा होतो. मग उपाय राहतो तो भोवऱ्याचा. भांड्यातील द्रव पळीने एकाच दिशेने जोरात फिरवून नंतर दहा ते वीस मिनिटे स्वस्थ ठेवला असता सारा गाळ तळाच्या मध्यभागी ढिगाच्या रूपाने जमतो, आणि कडेच्या नळातून निवळ वर्ट काढून घेता येतो. ढवळलेल्या चहाच्या पेल्यात पत्ती मध्यभागी का गोळा होते, याचे स्पष्टीकरण आइन्स्टाइनने १९२६ साली नद्यांच्या वळणांवरील एका निबंधात दिले होते. तळाशी घर्षणामुळे द्रवाचा वेग मंदावतो, तेथे बाहेर फेकणारा जोर कमी पडतो, आणि तळालगतचा प्रवाह केंद्राकडे वळतो. ज्याला एवढाही खटाटोप नको, त्याने हॉप पातळ कापडाच्या सैल पुरचुंडीत बांधून उकळावा. चोथ्याचा प्रश्न तेथेच मिटतो. पुरचुंडी घट्ट असल्यास मात्र फुले फुगत नाहीत व कडूपणा पुरता उतरत नाही.

हे सर्व थंड करण्यापूर्वीच का करावयाचे? कढत वर्टमध्ये जंतू टिकत नाहीत. म्हणून त्या अवस्थेत गाळणी निर्जंतुक करण्याची चिंता फारशी नसते. थंड वर्टला मात्र कोणतेही अस्वच्छ साधन लागले की तो नासण्याचा धोका असतो. शिवाय पत्र्यांच्या शीतकातील अरुंद वाटा हॉपच्या भुग्याने तुंबतात. परंतु विलंबालाही मर्यादा आहे. वर्ट कढत असेपर्यंत हॉपमधून कडूपणा उतरतच राहतो. आणि झाकून ठेवलेल्या कढत वर्टमध्ये शिजलेल्या मक्याच्या वासाची आठवण करून देणारे डायमिथाइल सल्फाइड साठत जाते. अर्धा तास गाळणीशी झुंजत बसण्यापेक्षा थोडा साका पुढे गेलेला बरा. साक्यातील काही स्निग्ध द्रव्ये यीस्टला उपकारकच ठरतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वर्ट सुमारे ६० अंश सेल्सियसच्या खाली आला की प्रथिनांचा दुसरा, अधिक सूक्ष्म गढूळपणा नव्याने प्रकट होतो. कढत असताना जे अस्तित्वातच नव्हते, ते कोणत्या जाळीने अडणार? ज्यांचा शीतक म्हणजे भांड्यातच बुडविण्याची तांब्याची वेटोळी नळी असते, त्यांना म्हणूनच आधी थंड करून मग सारा साका एकत्र बसू देणे सोयीचे जाते. अर्थात पुढची सर्व साधने तेव्हा निर्जंतुक हवीत.

साका लवकर बसावा म्हणून उकळण्याच्या अखेरच्या दहा-पंधरा मिनिटांत ‘आयरिश मॉस’ हे समुद्रशैवाल घालतात. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळण्याची आपल्याकडील रीत याच जातीची आहे. संस्कृतात त्या फळाला ‘कतक’ म्हणतात आणि मनुस्मृतीतही त्याचा उल्लेख येतो. प्रथिने एकत्र येण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘ब्रेक’, म्हणजे तुटणे, असे नाव आहे. मराठीत दुधाच्या साम्याने ‘फाटणे’ सुचेल. पण दूध फाटणे हे बहुधा नुकसान आणि वर्टचे मात्र इष्ट, त्यामुळे रक्ताप्रमाणे ‘साकळणे’ हेच क्रियापद अधिक निर्दोष ठरेल. चोथा गाळणे, प्रथिने साकळणे, साका बसणे, निवळ काढून घेणे : एवढ्या चार प्रयोगांत संपूर्ण प्रक्रिया सांगता येते आणि त्यांपैकी एकही नव्याने घडवावा लागत नाही.