नवऱ्याची पोस्टिंग अंदमानात, मग माझ्या नोकरीचं काय?

हा भाग ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलेला. नवरा फौजेत आहे, त्याची बदली लांब झाली, तर सोबत जायचं का? आणि जायचं ठरलं तर नेमकं काय काय करावं लागतं?

आधी माझी ओळख. माहेर मंचर, सासर ओतूरच्या बाजूला. म्हणजे आंबेगावची पोरगी आणि जुन्नरची सून. बीटेक करून हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर होते. नवरा आर्मीत आहे. त्याचं युनिट आणि हुद्दा सांगणार नाही, आणि तुम्हीही तुमच्या नवऱ्याचं कुठे ऑनलाइन सांगू नका.

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा मी एक्सेलमध्ये एक शीट बनवलं. आम्ही दोघं एका छताखाली किती दिवस राहिलो, एवढंच मोजलं. उत्तर आलं २११. त्याच महिन्यात त्याचा फोन आला, “ऐक ना, अंदमान आलंय. या वेळी फॅमिली आणता येईल.”

घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, “काळ्या पाण्यावर?” आणि हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यावर शेवटी बोलते.

कुठे सोबत जाता येतं?

फौजेत ढोबळमानाने दोन प्रकारच्या पोस्टिंग असतात, फील्ड आणि पीस. फील्ड म्हणजे सीमेवरचा किंवा तसा भाग, तिथे कुटुंब नेता येत नाही. पीस स्टेशनला नेता येतं. परदेशाचं म्हणाल तर वकिलातीत डिफेन्स अटॅशे म्हणून गेलेले अधिकारी कुटुंब नेतात. पण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तुकडीबरोबर गेलेला जवान एकटाच जातो.

अंदमान आपलाच देश, पण मध्ये समुद्र. चेन्नईपासून सरळ रेषेत साधारण १,३६० किलोमीटर. विमानाने दोन-अडीच तास, जहाजाने जवळपास तीन दिवस. २००१ मध्ये तिथे अंदमान-निकोबार कमांड सुरू झाली. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स एकाच कमांडरच्या हाताखाली असलेली ही देशातली पहिली कमांड. त्यामुळे शहरात तिन्ही दलांची कुटुंबं भेटतात. नेव्हीचं हॉस्पिटल आयएनएचएस धन्वंतरी तिथेच आहे, मुलांसाठी नेव्ही चिल्ड्रन स्कूल आणि केंद्रीय विद्यालयही आहे.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजया पुरम झालंय. बोलताना लोक अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, मीही तेच म्हणणार. भारतीयांना तिथे जायला परमिट लागत नाही. निकोबार आणि आदिवासींचे राखीव भाग यांना मात्र लागतं.

कागद आधी, बॅग नंतर

फौजेच्या लेखी तुमचं लग्न झालंय हे कधी ठरतं? मांडवात नाही. ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाली की. नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये लग्नाची, मुलांच्या जन्माची नोंद या ऑर्डरने होते. ती नसेल तर डिपेंडंट कार्ड नाही, आणि कार्ड नसेल तर हॉस्पिटलपासून क्वार्टरपर्यंत सगळीकडे अडतं.

त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो. गावात लग्न झालं असेल तर ग्रामपंचायतीत नोंदणी होते. आमच्याकडे बरेच जण हे ‘करू निवांत’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. दुसरा घोळ नावाचा. माझ्या आधारवर माहेरचं नाव, डिग्रीवरही तेच, आणि रेकॉर्डमध्ये दिलेल्या अर्जात सासरचं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पण जे ठेवाल ते सगळीकडे एकच ठेवा. माझे सात आठवडे फक्त याच्यात गेले.

क्वार्टर लगेच मिळेल असं धरू नका. स्टेशनवर वेटिंग लिस्ट असते. म्हणून बहुतेक वेळा नवरा आधी जातो, नंबर लागला की बायको-मुलं जातात. आम्ही असंच केलं.

खर्चाचं एक सांगते. केंद्र सरकारच्या नियमानुसार बदलीच्या वेळी सामान-सुमानासाठी जे एकरकमी अनुदान मिळतं, ते सातव्या वेतन आयोगानंतर मूळ पगाराच्या ८० टक्के आहे. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपला जाताना किंवा तिथून येताना ते १०० टक्के मिळतं. क्लेमची मुदत आणि कागद युनिटच्या क्लार्ककडून आधीच लिहून घ्या.

नोकरी : इथे कुणी मदत करत नाही

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. केंद्र सरकारचंही तसं धोरण आहे. ३० सप्टेंबर २००९ च्या आदेशात म्हटलंय की नवरा-बायको दोघं सरकारी नोकरीत असतील तर त्यांना शक्यतो एकाच ठिकाणी ठेवावं. पण तुम्ही खासगी कंपनीत असाल तर यातलं काहीच तुम्हाला लागू नाही. सगळं मॅनेजरच्या मनावर.

माझ्या मॅनेजरने होकार दिला होता. मग कंपनीच्या पॉलिसीत आठवड्यातून तीन दिवस ऑफिस आलं आणि होकाराचा नकार झाला. पाच वर्षांची नोकरी सोडली. पोर्ट ब्लेअरमध्ये हिंजवडी नाही. तिथे नोकऱ्या आहेत त्या सरकारी, पर्यटनातल्या, शाळांमधल्या. चार महिने शोधल्यावर एक रिमोट कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आधीच्या पगाराच्या दोन तृतीयांशावर.

त्या चार महिन्यांत मी एक फॉर्म भरायला गेले होते. समोरच्या माणसाने न विचारताच व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ टाइप केलं. मी म्हटलं, “दादा, सॉफ्टवेअर इंजिनिअर लिहा.” तो म्हणाला, “मॅडम, इथे काय फरक पडतो?” त्याचं चुकलं असं नाही, त्याच्यासाठी खरंच फरक पडत नव्हता. पण माझ्याकडे त्या दिवशी नोकरी नव्हती आणि मला वाटून गेलं, की आपण खोटं तर लिहून घेत नाही ना? ते वाक्य बरेच दिवस डोक्यात राहिलं. म्हणून सांगते, नोकरीचं आधी बघा. राजीनामा देण्याआधी शोध सुरू करा, आणि मॅनेजरचा होकार तोंडी नको, ईमेलवर घ्या.

नेट चालतं का?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. चालतं, आणि त्यामागची गोष्ट भारी आहे.

२०२० पर्यंत अंदमानचं बहुतेक इंटरनेट सॅटेलाइटवर होतं. असा सॅटेलाइट जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तुमचा मेसेज वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाणार, पुन्हा खाली. प्रकाशाच्या वेगानेही यात जवळपास अर्धा सेकंद जातो. त्यात बँडविड्थ थोडी आणि वापरणारे सगळं बेट. व्हिडिओ कॉलवर माणसं एकमेकांच्या बोलण्यावर का आपटायची, ते कळलं असेल.

१० ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. सगळ्या बेटांना जोडून तिची लांबी साधारण २,३०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे चेन्नईला जाऊन परत यायला सरळ अंतराच्या हिशोबाने १४ मिलिसेकंद. प्रत्यक्षात जास्त लागतात, पण अर्ध्या सेकंदाशी तुलनाच नाही. दहा वर्षांपूर्वी मी सोबत आले असते तर हे कॉन्ट्रॅक्ट करूच शकले नसते.

दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. क्वार्टरमध्ये कुठलं ब्रॉडबँड घ्यायला परवानगी आहे हे नवऱ्याच्या युनिटला विचारा, आणि फौजी वसाहतीतून काम चालेल का हे कंपनीला. व्हिडिओ कॉलला बॅकग्राउंड ब्लर ठेवा. खिडकीतला समुद्र कितीही छान दिसला तरी लोकेशन टाकून फोटो पोस्ट करू नका.

घड्याळ एकच, सूर्य वेगळा

पोर्ट ब्लेअर ओतूरच्या जवळपास १९ अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य सव्वा तास पुढे. घड्याळ मात्र भारताचंच. मे-जूनमध्ये पाचच्या आसपास उजाडतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचलाच अंधारून येतं. माझा रात्री साडेनऊचा क्लायंट कॉल असतो, शरीराला तो पावणेअकराचा वाटतो. पहिले दोन महिने मी कॉलवर जांभया देत होते. मग सकाळची कामं पाचला सुरू केली आणि जमलं.

भाजीचंही सांगते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे ढीग बघितलेल्या माणसाने इथे भाव विचारू नये. कांदा, बटाटा, बराचसा भाजीपाला मुख्य भूमीवरून जहाजाने येतो. हवामान बिघडलं, जहाज लांबलं, की भाव चढतात.

गाडी आणि मत

माझी स्कूटी एमएच-१४ ची. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. मी ती ओतूरलाच ठेवली. तुम्ही नवीन गाडी घेणार असाल तर ‘बीएच’ सिरीज बघा. सप्टेंबर २०२१ पासून ती सुरू आहे, फौजेतल्या लोकांना मिळते आणि राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो.

मत देणं अनेक जणी विसरतात. सैनिक ‘सेवा मतदार’ असतो, म्हणजे तो कुठेही असला तरी त्याचं मत गावच्या मतदारसंघात. त्याच्यासोबत राहणाऱ्या बायकोलाही तशी नोंदणी करता येते. मतपत्रिका ऑनलाइन येते, प्रिंट काढून, भरून पोस्टाने पाठवायची. गंमत म्हणजे कायद्यात आधी फक्त ‘पत्नी’ असा शब्द होता. फौजी बाईच्या नवऱ्याला ही सोय नव्हती. २०२१ च्या दुरुस्तीत तो शब्द ‘जोडीदार’ असा झाला. माझं नाव अजून आंबेगावच्या यादीत होतं. ते काढून नवऱ्याबरोबर जुन्नरला लावलं.

मागे राहिलेली माणसं

आता सासूबाई का हसल्या नाहीत ते.

मी पुण्यात होते तेव्हा दर शनिवारी ओतूरला जायचे. औषधं, बँक, मोबाइलचं रिचार्ज, सगळं मीच बघायचे. शेतीची लाइट कधी रात्रीची असते. सासरे मोटर चालू करायला उसाकडे निघाले, की आई ते परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहतात. आमच्याकडच्या बिबट्यांबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुलगा लांब होताच, आता सूनही समुद्रापलीकडे. इथून घरी जायचं म्हणजे चेन्नई, मग पुणे, मग नाशिक हायवे. पहाटे निघालं तर रात्र होते, तीही फ्लाइट नीट जुळली तर.

निघायच्या आदल्या रात्री मी त्यांना म्हटलं, “आई, नको वाटत असेल तर सांगा, मी थांबते.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी तुझ्या वयाची असताना तुझे सासरे मुंबईला कामाला होते. नऊ वर्षं. मला कुणी विचारलं नाही जातेस का म्हणून. तू जा.”

मी गेले. आळेफाट्याच्या नणंदबाई आता शनिवारी जातात, औषधं महिन्याची एकदम आणून ठेवतात. सासऱ्यांना मी व्हिडिओ कॉल शिकवलाय. रात्री मोटर चालू करायला जाताना ते फोन लावतात आणि परत घरात येईपर्यंत चालू ठेवतात. मी तेव्हा क्लायंट कॉलवर असले तर नवरा बोलतो. पण त्यांच्याजवळ माणूस नाही ही गोष्ट फोनने भरून निघत नाही, हेही मला माहीत आहे.

ते एक्सेल शीट अजून आहे. आज त्यात ५३८ आकडा आहे. पगार कमी झाला आणि आईंचे शनिवार गेले, हा हिशोब त्या शीटमध्ये कुठे लिहायचा ते मला अजून सुचलेलं नाही.

तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. पण घ्यायच्या आधी पार्ट टू ऑर्डर, नोकरी, नेट आणि घरच्यांची व्यवस्था, या चार गोष्टींवर दोघांनी एकदा कागद-पेन घेऊन बसा. त्याची सुट्टी संपायच्या आत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!