नेम, मेळा आणि आधार
महाराष्ट्रातील ईश्वरनिष्ठेच्या व्यावहारिक बाजूचा एक आढावा

ईश्वरावर भार टाकावा आणि निर्धास्त असावे, हा उपदेश आपल्याकडे इतक्या पिढ्या चालत आला आहे की तो कानी पडताच ऐकणाराच्या मनात निम्मा आदर आणि निम्मा संशय उत्पन्न होतो. आदर अशासाठी, की ज्यांच्या आचरणातून तो प्रथम प्रकट झाला ती माणसे खरोखरच मोठी होती. आणि संशय अशासाठी, की पुढे त्याच उपदेशाचा उपयोग आळशाने स्वतःच्या निष्क्रियतेवर पांघरूण घालण्यासाठी, सावकाराने ऋणकोला गप्प बसविण्यासाठी आणि अंमलदाराने रयतेला निमूटपणे सोसावयास लावण्यासाठी केला. आगरकरांनी १८८८ पासून ‘सुधारक’ पत्रातून देवभोळेपणावर जी झोड उठविली तिचा बराचसा भाग न्याय्य होता, हे श्रद्धाळू वाचकानेही मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे. शिवाय ईश्वराचा हवाला न देताही मनुष्य हलाखीत राहून किती निर्मळ आयुष्य काढू शकतो, याचा दाखला त्यांनी स्वतःच घालून दिला. म्हणून प्रस्तुत लेखात ईश्वराच्या अस्तित्वाचा वाद उपस्थित करावयाचा नाही. ज्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला अशा मराठी माणसांना रोजच्या व्यवहारात त्यापासून काय लाभले, आज काय करावे या प्रश्नाचे उत्तर, जगण्यातला आनंद आणि संकटातला आधार या तिन्ही गोष्टी त्यांना कोणत्या वाटेने मिळाल्या, एवढेच पाहावयाचे आहे.

१. नेम

मार्गदर्शन म्हटले की दृष्टांत, कौल, आकाशवाणी असल्या अपूर्व गोष्टी डोळ्यांपुढे येतात. खंडोबाच्या आणि ग्रामदेवतांच्या देवळांत कौल लावण्याची चाल आहेच. परंतु वारकरी पंथाने, आणि त्याच्या बरोबरीने रामदासी संप्रदायाने, सामान्य माणसाला जे मार्गदर्शन दिले ते अपूर्व नाही, नित्याचे आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्यमांस सुटले; पंधरवड्याची एकादशी ठरली; सांजवेळी हरिपाठ ठरला; आषाढी-कार्तिकीची वारी ठरली. वरवर पाहता हे निर्बंध आहेत, पण ज्या कुणब्याच्या घरात ते तीन-चार पिढ्या पाळले गेले त्या घरात जाऊन पाहिले तर असे दिसते की, दारूचा गुत्ता, जुगाराचा अड्डा आणि भाऊबंदकीची कज्जेदलाली यांपैकी निदान एक-दोन अरिष्टे त्या माळेने उंबरठ्याबाहेरच थोपविलेली असतात. रोज नव्याने मनाशी झगडून जो निर्णय करावा लागला असता, तो एकदाच करून देवापाशी ठेवून दिलेला असतो आणि त्यामुळे उरलेली शक्ती शेतीभातीला व मुलाबाळांना मिळते.

समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ या दृष्टीने चाळण्यासारखा आहे. वीस दशके आणि दोनशे समास यांच्या त्या ग्रंथात ब्रह्मनिरूपणाला तोटा नाही. पण एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच समर्थ अक्षर कसे काढावे, शाई, कागद, लेखणी यांची निगा कशी राखावी हे समजावून सांगू लागतात. ज्याने आपला सारा भार रघुनाथावर घातला त्याने लेखणी मात्र स्वतःच नीट तासावी, ही त्यांची शिकवण आहे. सातारा जिल्ह्यातील गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) यांच्या प्रवचनांचे जे पुस्तक आज घरोघर दिसते, तेही वर्षातील प्रत्येक तारखेला एक अशा बेताने मांडलेले आहे. सकाळी चहापूर्वी दोन पाने वाचून कामाला लागणाऱ्या कारकुनाला त्यातून कोणतेही गूढ सापडत नाही. नाम घ्यावे, प्रपंच नेटका करावा, फळाची काळजी रामावर सोपवावी, हेच तेथे परोपरीने येते. त्यात नवे काही नाही हे त्यालाही ठाऊक असते, पण साहेबाचा रागलोभ आणि बढतीची हुरहूर यांच्यापुढे रोज सकाळी ते एकदा ऐकल्याखेरीज त्याचे पाऊल कचेरीकडे स्थिर पडत नाही.

या नेमाची सर्वांत गोड उदाहरणे संतमंडळीतील कष्टकऱ्यांची आहेत. अरणगावचा सावता माळी मळा सोडून पंढरीला धावला नाही. वाफ्यांना पाणी देता देताच त्याने विठ्ठल पाहिला. नामदेवांच्या घरची जनी दळण, कांडण, शेणी, झाडलोट या अखंड राबण्यात देवाला जोडीला बसवून घेते, आणि तिच्या नावावरच्या अभंगांत जात्याची दुसरी बाजू तो धरतो. दासीच्या वाट्याला आलेला एकटेपणा आणि श्रम यांतून सुटका करून देणारा कोणीही त्या काळी नव्हता. तरीही ते श्रम कोणी पाहतो आहे, त्यांची कोणाला किंमत आहे, ही खात्री तिला होती आणि त्या खात्रीवर तिने काव्य उभारले.

२. मेळा

आनंदाचा विचार करू लागलो की हा एकाकी साधनेचा मामला नाही हे चटकन ध्यानात येते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास देहूहून पालखी काढण्यास आरंभ केला आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावून दिली. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस असे मुक्काम करीत पंढरपूरला पोचणाऱ्या या वाटेवरचा आनंद वर्णन करताना लेखक बहुधा रिंगणाच्या घोड्यावर आणि टाळमृदंगाच्या कल्लोळावर थांबतात. मला त्याहून समाजआरतीचा प्रसंग अधिक बोलका वाटतो.

दिवसभराची चाल संपून पालखी तळावर येते आणि दिंड्या भोवती उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी झणझणत असतात. चोपदार आपला दंड उंच करून ‘हो’ अशी दीर्घ आरोळी देतो आणि एवढा अफाट समुदाय एका श्वासात गप्प होतो. गप्प राहत नाही ती फक्त एखादी दिंडी, जिची काही तक्रार आहे: चालण्याचा क्रम मोडला, तळावर जागा मिळाली नाही, पाण्याची आबाळ झाली. ती आपले टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, त्याची तड लागते, आणि मगच ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या जिनसांची पुकार होते, उद्याच्या प्रस्थानाची वेळ जाहीर होते आणि आरती म्हटली जाते. ज्या मेळ्यात शेवटच्या दिंडीचे गाऱ्हाणे ऐकल्यावाचून देवाची आरती होत नाही, तेथील आनंद हा नुसत्या नादाचा उन्माद नव्हे. दिंडीची भिशी भरून, आपली वळकटी सामानात टाकून, ओळख ना देख अशा माणसांच्या मागे पुढे चालणारी म्हातारी सुनेच्या हाताखालून सुटून आलेली असते. तिला या वाटेवर ‘माउली’ म्हणून पाया पडणारे भेटतात आणि तिनेही त्यांच्या पाया पडावयाचे असते. वर्षातील उरलेले महिने ती या दिवसांच्या आठवणीवर काढते.

हा मेळ्याचा आनंद एका पंथाच्या किंवा एका धर्माच्या मालकीचा राहिला नाही. गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापले गेलेले फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीतच रचलेले आहे. पुढे १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानीत आणि त्यांची भजने मराठी मंडळ्या टाळमृदंगावर गात. कोकणातील बेने इस्राएल कुटुंबांत नवस फिटला किंवा मंगलकार्य झाले की एलियाहू हन्नाबीचे स्मरण करून पोहे, नारळ, गूळ आणि फळे यांचा मलिदा अर्पण करतात आणि आप्तेष्टांनी तो एकत्र बसून खावयाचा असतो. उपास्य निराळे, शास्त्र निराळे. परंतु कृतज्ञता एकट्याने गिळावयाची नसते, हा दंडक सर्वत्र तोच.

३. आधार

आता तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न सुरक्षिततेचा. भाविकाचे घर जळत नाही, त्याचे मूल दगावत नाही, त्याच्या शेतावर पाऊस वेळेवर पडतो, असे आश्वासन कोणी देत असेल तर आमच्या संतचरित्रांनीच ते खोटे ठरविले आहे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडाले. त्या उद्ध्वस्त अवस्थेतून उठून त्यांनी देहूच्या पडक्या विठ्ठलमंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे सावकारीची कर्जखते काढून धाकट्या भावाचा निम्मा हिस्सा त्याला दिला व आपला हिस्सा इंद्रायणीत सोडून दिला. भावाच्या हक्काला धक्का न लावता केवळ स्वतःचे येणे बुडविणे, ही त्या कृतीतील बारीक गोष्ट फार मोलाची आहे. वैराग्याच्या भरातही हिशेब चोख राहिला, आणि ज्या कुळांची खते वाहून गेली त्यांना देवाच्या कृपेचा अर्थ त्याच दिवशी कळला.

दामाजीपंतांची कथा याच अंगाची आहे. बिदरच्या बादशहाच्या वतीने मंगळवेढ्याचा अंमल पाहणाऱ्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला खुली केली. हुजुरास वर्दी गेली, बोलावणे आले. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने दरबारी जाऊन धान्याची रक्कम खजिन्यात भरली आणि रीतसर पावती घेतली, असे कथा सांगते. कीर्तनकार हा चमत्कार रंगवितात ते योग्यच आहे, पण घटनांचा क्रम श्रोत्याने विसरता कामा नये. कोठार आधी उघडले आणि पावती मागून आली. दामाजीने कुलूप काढले त्या घटकेस त्याच्या हाती कोणताही कागद नव्हता. मान मात्र पणाला लागली होती.

अर्वाचीन काळात या प्रश्नाचा सर्वांत कठोर अनुभव पंडिता रमाबाईंनी घेतला. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीचे आईबाप, अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई, तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत. व्रते, अनुष्ठाने आणि दानधर्म यांत पुंजी सरली. आणि १८७४ च्या सुमारास, सर्व नेम यथासांग पाळूनही, दोघांनी उपासमारीत देह ठेवला. मागोमाग बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली, तेथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी रमाबाईंचा गौरव झाला; परंतु लहानपणीचा भरवसा त्या वाटेवरच मोडून पडला होता. पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच पती गेले, आणि १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडताना अमेरिकेतील मित्रमंडळींनी दहा वर्षे मदतीची हमी दिली होती. ती मुदत संपल्यावर काय, या विवंचनेत रमाबाईंनी केडगावास जमीन घेतली आणि तेथे फळबाग लावली. कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर ब्रिस्टलचे अनाथालय चालविणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र त्यांनी वाचले होते आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. तरी संत्र्याची रोपे लावावयाची त्यांनी थांबविली नाहीत.

मग १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली केडगावास आणल्या, आणि १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा तेच केले. एवढ्या पानांना उद्या काय वाढावयाचे याची तरतूद पुष्कळदा आदल्या रात्री नसे. त्या प्रार्थना करीत आणि त्याच वेळी विहिरी खणवीत, माग घालीत, छापखाना चालवीत. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे बायका करीत आणि अंध मुली बोटांनी वाचावयास शिकत. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात निघाले. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा वारली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. त्यांच्या धर्मांतराविषयी त्या काळी झालेला कडाक्याचा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. प्रस्तुत विषयापुरती गोष्ट अशी की, अन्नावाचून आईबाप गेलेल्या मुलीने ईश्वरावरचा भरवसा दुसऱ्यांदा कमावला, तेव्हा तिने तो अन्नाच्या कोठीपासून वेगळा राहू दिला नाही.

४. मर्यादा

दामाजीच्या याच मंगळवेढ्यात १३३८ साली वेशीच्या कुसवाचे काम चालू असताना भिंत कोसळून अस्पृश्य मानला गेलेला संत चोखामेळा गेला. त्याचा भरवसा कोणाहून उणा नव्हता, पण पंढरीच्या देवळाच्या पायरीपलीकडे त्याला येऊ दिले नाही; मरणानंतर त्याची समाधीही महाद्वाराबाहेरच राहिली. त्याच्या भक्तीचे गोडवे गाणाऱ्या समाजाने सहा शतके ती पायरी तशीच ठेवली, हा आपल्या श्रद्धेवरचा सर्वांत मोठा बट्टा होय. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखोबा या तिघांना अर्पण केला, त्यात आदर आहे. पण संतांच्या सांत्वनावर अस्पृश्यांनी समाधान मानून राहावे हे त्यांना कदापि मान्य नव्हते.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण करून विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले करविले. गुरुजी नास्तिक असते तर त्यांना त्या दाराची एवढी वेदना कदाचित झाली नसती. विठ्ठल सर्वांचा आहे हे त्यांनी अक्षरशः खरे मानले आणि जे खरे मानले त्यासाठी प्राण पणाला लावले. श्रद्धेने सहा शतके चालविलेला अन्याय श्रद्धेनेच अडवून धरला, म्हणून आधीचा दोष माफ होत नाही. पण कोणती श्रद्धा खरी हे ओळखण्यास या प्रसंगाची फार मदत होते.

या सगळ्या उदाहरणांचा मथितार्थ एका वाक्यात सांगावयाचा तर तो असा, की ज्यांनी ईश्वराला आपला जामीन मानले, ती माणसे अखेर स्वतःच दुसऱ्यांना जामीन होऊन उभी राहिली. तुकोबा आपल्या कुळांना, दामाजी रयतेला, रमाबाई अनाथ मुलींना आणि साने गुरुजी चोखोबाच्या वंशजांना. त्यांना स्वतःला संकटातून सूट मिळाली नाही. मिळाले ते एवढेच, की स्वतःच्या भवितव्याची धास्ती कमी झाल्यामुळे दुसऱ्याच्या भवितव्याकडे पाहावयास त्यांना सवड राहिली. तेव्हा कोणी आपण ईश्वरावर भार टाकून निश्चिंत झालो असे सांगू लागला, तर त्याच्या पूजेची घटिका किंवा माळेचे मणी मोजण्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, नोकराचाकरांकडे आणि देणेकऱ्यांकडे जाऊन चौकशी करावी. याच्या निश्चिंतीने त्यांचीही काळजी काही अंशी हलकी झाली असेल तर ती निश्चिंती खरी. आणि ती जर त्यांच्याच जिवावर उभी असेल, तर तिला दुसरे काहीही नाव द्यावे, ईश्वरनिष्ठा हे नाव देऊ नये.