उमराणीचं पाणी, नेसरीचे सात स्वार

युद्धपटात कल्पना असावी की नसावी, यापेक्षा ती कुठे असावी हा खरा प्रश्न आहे. उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. सरनोबत प्रतापराव गुजर सातारा जिल्ह्यातल्या भोसऱ्याचे. एप्रिल १६७३ मध्ये त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाला आजच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या उमराणीजवळ कोंडलं आणि त्याच्या फौजेचं पाणी तोडलं. ऐन उन्हाळा, कोरडा मुलूख. तहानेनं माणसं-जनावरं कासावीस झाली आणि खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं, शिवाजी महाराजांनी कडक शब्दांत जाब विचारला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला प्रतापराव आणि सहा साथीदार असे सात स्वार त्याच खानावर तुटून पडले आणि मारले गेले.

‘सिनेमा म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे’ हे मान्य. त्या सहा साथीदारांची नावंही परंपरेनंच आपल्यापर्यंत आली आहेत, म्हणजे त्यांचे स्वभाव आणि संवाद रचायला लेखकाला मोकळं रान आहे. पोवाड्यातही अतिशयोक्ती असतेच. पण उमराणीचं कारण गाळलं, की बलिदान नुसतं वेड ठरतं. २०२२ मध्ये याच विषयावरच्या महेश मांजरेकरांच्या चित्रपटाच्या झलकीत झुंबरात विजेचे दिवे दिसले आणि गदारोळ उठला. तो योग्यच होता. पण दिवा चटकन डोळ्यांत खुपतो, गाळलेलं कारण कुणालाच दिसत नाही. म्हणून पुढच्या वेळी युद्धपट पाहताना तलवारी जरूर पाहा, पण आधी विचारा: यात उमराणी आहे का?