एका रेघेचा चेहरा

१६४९ साली क्लोद मेलां या फ्रेंच कलावंताने तांब्याच्या पत्र्यावर ख्रिस्ताचा चेहरा कोरला, तोही एकाच अखंड रेघेत! नाकाच्या शेंड्यापासून निघालेली रेघ गोल गोल फिरत कडेपर्यंत जाते. डोळे, केस, काटेरी मुकुट, रक्ताचे थेंब, सगळे तिच्यातच.

हे साधते कसे? पोलादी कोरणी खोल गेली की खाच रुंदावते, शाई जास्त मावते आणि कागदावर रेघ जाड, काळी उमटते. हात हलका पडला की ती बारीक होते. छायाप्रकाश त्यातूनच.

त्याच काळात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची व्यक्तिचित्रे कोरणारे रोबेर नांतय मात्र चेहऱ्यांचे खरे जाणकार. त्यांनी कोरलेली त्वचा जिवंत वाटते. १६६० मध्ये याच राजाच्या फर्मानाने कोरीव मुद्राचित्रण कारागीर-संघांच्या बंधनांतून मोकळे झाले.