सात घरांएवढं अंगण

महिला कबड्डीचं मैदान 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद असतं. गोवंडीच्या शिवाजीनगरात 1970च्या दशकात शहरातून उठवलेल्या कुटुंबांना भूखंड मिळाले, ते 10 बाय 15 फुटांचे. म्हणजे एका मैदानात जवळजवळ सात घरं मावतात. शेजारी 1927पासूनची देवनारची कचराभूमी. 2009च्या मुंबई मानव विकास अहवालात इथल्या एम-पूर्व विभागाचा निर्देशांक होता 0.05, सगळ्या मुंबईत सर्वांत कमी. अशा दाटीत मुलींना खेळायला जागा मागायची, तर आधी कुणाची तरी जागा अडते. बहुतेकदा ती मुलग्यांच्या क्रिकेटची असते.

‘परिवर्तन’ या उपक्रमाची सुरुवातही मुलग्यांच्या क्रिकेटपासूनच झाली. आयसीआरडब्ल्यू या संशोधन संस्थेने एक अमेरिकी कार्यक्रम मुंबईला साजेसा करून घेतला. सरावाच्या वेळी प्रशिक्षकाने पोरांशी मुलींची छेडछाड, मारहाण, मान यांविषयी बोलायचं, एवढी साधी त्याची रीत. मुंबईतल्या 46 शाळांत त्याची पाहणी झाली. जिथे प्रशिक्षक बोलत राहिले, तिथल्या खेळाडूंचे मुलींविषयीचे विचार निवळले आणि मित्राच्या दांडगाईला हसून साथ देणं कमी झालं. मला हे थोडं वाटत नाही. छेडछाड करणाऱ्याला बळ मिळतं ते त्या हसण्यातूनच.

पुढे शिवाजीनगरात 12 ते 16 वर्षांच्या मुलींसाठी कबड्डी सुरू झाली. खेळाची निवड अचूक होती. कबड्डीला साहित्याचा खर्च नाही, आणि तिचा नियमच या मुलींच्या बाजूचा आहे. चढाई करताना ‘कबड्डी कबड्डी’ हा दम स्पष्ट ऐकू आला पाहिजे. नाहीतर पंच परत पाठवतात आणि गुण समोरच्या संघाला जातो. ‘हळू बोल’ हे ऐकत वाढलेल्या मुलीला इथे मोठ्याने बोलावंच लागतं. पकडीत तर अंग चोरून चालतच नाही.

त्यांना शिकवणाऱ्या ताया त्याच वस्तीतल्या, 18 ते 24 वर्षांच्या. त्यांच्यावरचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. लोक काय म्हणतील, हा धाक या तायांनाही होताच. मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांची समजूत काढायची, तर आधी स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडायला हवा होता. त्यांनी घरच्यांशी भांडण न मांडता बोलून, विश्वास मिळवून वाट काढली. मुलींना मैदानावर आणता आणता त्यांचं स्वतःचं येणंजाणंही वाढलं.

प्रकल्पांना मुदत असते, मंडळांना नसते. जोगेश्वरी, गोरेगाव, घाटकोपर, मुलुंड इथल्या कबड्डी मंडळांनी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आपलं मैदान आसपासच्या वस्तीतल्या मुलींसाठी राखून ठेवावं, आणि शिकवायला त्याच वस्तीतली एखादी ताई नेमावी. मैदान आखलेलंच आहे.