मनाचे दुखणे

अंबड हे एके काळी नाशिकजवळचे शेतीचे खेडे. आता ते नाशिक महानगरपालिकेत आहे, आणि भोवती कारखानेच कारखाने.

समजा, अशा एका कारखान्यात एका कामगाराचा हात यंत्रात चेंगरला. हाताला पट्टी दिसते. मुकादम म्हणतो, "जा बाबा घरी. हात बरा होऊ दे." शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात.

त्याच्या जोडीदाराला महिनाभर झोप नाही. अन्न गोड लागत नाही. जगून काय करायचे, असे मनात येते. त्याने रजा मागितली तर काय ऐकावे लागते? "चांगला धडधाकट तर आहेस! तुला काय धाड भरलीय?" घरचे म्हणतात, बाहेरचे काही लागले असेल.

आम्ही म्हणतो, दोघेही आजारीच. एकाची जखम दिसते, दुसऱ्याची दिसत नाही, एवढाच फरक. रक्तदाब तरी डोळ्यांना कुठे दिसतो? त्याची गोळी आपण मुकाट्याने घेतोच ना? कोणी म्हणेल, अशाने कामचुकारांचे फावेल. पण सोंग तर पोटदुखीचेही घेता येते. शाळेतली पोरेसुद्धा घेतात! खरेखोटे डॉक्टर पाहील.

प्रत्येक दुःख म्हणजे आजार नव्हे. घरचे माणूस गेले की रडू येते, पीक बुडाले की घोर लागतो. तिथे आपल्या माणसांचा आधार हवा. पण दोन आठवडे उलटले, झोप-भूक गेली, कामात जीव लागेना, तर डॉक्टरकडे जावे.

सरकारनेही हे मानले आहे. 2017 साली मानसिक आरोग्याचा कायदा झाला. मनाच्या रोग्याला शरीराच्या रोग्यासारखेच उपचार मिळाले पाहिजेत, असे त्यात लिहिले आहे.

पण रजा घेतली तर चूल कशी पेटायची? खरी अडचण हीच. ज्यांच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांनी नीट ऐकावे. या विम्यात 34 लांबणाऱ्या आजारांची यादी आहे. क्षयरोग, कर्करोग यांच्याबरोबर मनाचे काही मोठे आजारही तीत आहेत. सलग दोन वर्षे नोकरी आणि पुरेशी वर्गणी झाली असेल, तर अशा आजारात पगाराच्या 80 टक्के रक्कम मिळते. ती दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. दाखला मात्र विम्याच्या डॉक्टरचा लागतो.

आणि शेतकरी, मजूर, घरची बाई? त्यांना विमा नाही. त्यांनी सरकारी दवाखान्यात जावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, तर त्या माणसाला एकटे सोडू नये. 14416 या क्रमांकावर लगेच फोन करावा. सरकारची ही सोय 2022 पासून आहे. रात्री-अपरात्रीही फोन उचलतात, मराठीत बोलतात. पैसे पडत नाहीत.